हवेचे द्वारपाल : कॉम्प्रेसरच्या झडपा व त्यांचें नियमन

कासारवाडी हें गांव जुन्या मुंबई-पुणें रस्त्याच्या आणि लोहमार्गाच्या कडेस, दापोडी व पिंपरी यांच्या मध्यें वसलेलें आहे. या पट्ट्यांत आज गांव कोठें संपतें आणि कारखाना कोठें सुरू होतो, हें सांगणें कठीण. वाफेचीं उपकरणें आणि नियंत्रक झडपा बनविणारी फोर्ब्स मार्शल ही कंपनी खुद्द कासारवाडींत आहे. शेजारीं दापोडीस, 1960 सालीं भारतांत आलेल्या ॲटलास कॉप्को या मूळच्या स्वीडिश कंपनीनें हवा दाबणारीं यंत्रें बनविण्याचा कारखाना घातला; आणि पुण्याच्या दुसऱ्या टोंकास, हडपसरला, 1958 सालीं स्थापन झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी त्याच धंद्यांत नांवाजलेली आहे. हवा दाबण्याची आणि तिच्या वाटेवर झडपा बसविण्याची विद्या अशा रीतीनें आपल्या उंबऱ्याशीं आलेली आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे वडील, चुलते अथवा थोरले बंधु रोज तिच्याच सहवासांत आठ तास घालवितात. असें असतां तिच्यांतील मर्म घरांतील मुलांस ठाऊक नसावें, हें बरें नव्हे. म्हणून कॉम्प्रेसर, म्हणजे हवा किंवा वायु दाबणारें यंत्र, हुकमाप्रमाणें कमीअधिक हवा कसें देतें, एवढा एकच प्रश्न घेऊन त्याचें उत्तर येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम दाबलेल्या हवेचें काम काय, तें पाहूं. पंक्चरच्या दुकानांतील टांकी, गॅरेजमधील रंगाचा फवारा, नट कसणारें हत्यार, लोकल गाडीचे ब्रेक, हीं सर्व दाबलेल्या हवेवर चालतात. पिंपरीस 1954 सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढील वर्षीं तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. हें औषध ज्या बुरशीपासून निघतें ती बुरशी मोठमोठ्या बंद टांक्यांतील रसांत वाढवितात, आणि तिला जगविण्यासाठीं त्या रसांतून निर्जंतुक हवा अहोरात्र सोडावी लागते. ती हवा थोडा वेळ जरी तुटली तरी बुरशी गुदमरते. शिवाय टांकींतील दाब उतरला म्हणजे बाहेरील जंतूंस आंत शिरण्यास वाट सांपडते, आणि सारा घाण फुकट जातो. आपल्या शहरांतील रिक्षा ज्या वायूवर धांवतात त्याचेंही तसेंच. 2006 सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीच्या नळांतून येणारा वायु रिक्षाच्या टांकींत भरावयाचा तर तो वातावरणाच्या सुमारें 200 पट दाबावर न्यावा लागतो, आणि तें काम पंपावरील कॉम्प्रेसर टप्प्याटप्प्यानें करितो.

या सर्व ठिकाणीं एक अडचण समान आहे. हवेची गरज घटकेघटकेस बदलते. यंत्राची चाल मात्र बहुधा एकसारखी असते. जेवणाच्या सुटींत निम्मीं हत्यारें थांबतात, पाळी बदलली कीं पुन्हां सर्व एकदम चालू होतात. वायूच्या पंपावर सकाळीं रिक्षांची रांग लागते, दुपारीं एखादीच गाडी येते. यंत्र तर आपल्या मोटारीच्या गतीनें फिरतच असतें. मग गरज आणि चाल यांचा मेळ घालावयाचा कोणीं? हें काम यंत्राच्या दारांवर उभे असलेले द्वारपाल, म्हणजे झडपा, करितात. त्यांस हें काम कसें शिकविलें गेलें, हीच या लेखाची कथा.

आपल्या गांवाच्या नांवांत कासार आहे. कासार, तांबट, लोहार यांच्या भट्टीस भाता लागतो, आणि भाता हाच कॉम्प्रेसरचा पूर्वज होय. भात्यास एक भोंक असतें आणि त्यावर आंतील बाजूनें कातड्याचा एक पदर केवळ एका कडेनें बसविलेला असतो. भाता उघडला कीं आंतील दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पदर उचलून आंत शिरते. भाता मिटला कीं तीच हवा पदरास भोंकावर घट्ट दाबून धरते आणि स्वतः नळीवाटे भट्टीकडे जाते. प्रार्थनेच्या वेळीं वाजणाऱ्या पेटीच्या भात्यांतही अशीच योजना असते. सायकलच्या पंपांत दट्ट्याच्या टोंकाशीं जी कातड्याची वाटी असते, तीही हेंच करिते: दांडा वर ओढतांना ती आंत मिटून हवेस वाट देते, आणि खालीं दाबतांना पसरून वाट बंद करिते. या पदरास किंवा वाटीस कोणी हात लावीत नाहीं. दोन बाजूंच्या दाबांतील फरक हाच तिचा धनी. अशा झडपेस आपण स्वयंचलित झडप म्हणूं.

कारखान्यांतील दट्ट्याचा कॉम्प्रेसर म्हणजे याच पंपाचा वाढविलेला भाऊ. एक पोलादी नळकांडें, त्यांत मागेंपुढें सरकणारा दट्ट्या, आणि नळकांड्याच्या तोंडाशीं दोन प्रकारच्या झडपा. हवा आंत घेणारीस आवक झडप आणि बाहेर सोडणारीस जावक झडप म्हणावें, म्हणजे कचेरींतील आवक-जावक वहीप्रमाणें तिचें काम ध्यानांत राहील. दट्ट्या मागें सरला कीं आंतील दाब उतरतो आणि आवक झडप उघडून हवा भरते. दट्ट्या परत फिरला कीं आवक झडप मिटते आणि कोंडलेली हवा दाबली जाऊं लागते. तिचा दाब टांकींतील दाबाहून किंचित् अधिक झाला कीं जावक झडप उघडते आणि हवा टांकींत जाते. धांव संपली कीं जावक झडप मिटते, आणि पुन्हां पहिल्यापासून सर्व क्रम. दाबली जातांना हवा तापतेही. 30 अंश उष्णतेची हवा एका दमांत तिप्पट दाबावर नेली तर ती सुमारें 140 अंशांपर्यंत चढते. म्हणून अधिक दाब हवा असेल तेव्हां मध्यें थंड करून दोनतीन टप्प्यांनीं दाबण्याची चाल आहे.

कातड्याचा पदर भात्यास पुरतो; यंत्रास पुरत नाहीं. युरोपांतील लोखंडाच्या मोठ्या भट्ट्यांस हवा पुरविणाऱ्या यंत्रांत पूर्वीं कातड्याच्याच झडपा असत. त्या लौकर फाटत आणि यंत्राची गति वाढवूं देत नसत. हान्स हॉर्बिगर या ऑस्ट्रियन इंजिनियरानें 1894 सालीं त्यांच्या जागीं पोलादाच्या पातळ तबकडीची झडप योजिली. ती वजनानें हलकी, घासल्यावांचून सरळ वरखालीं होणारी, आणि दाबाच्या फरकानें आपली आपण उघडणारी व मिटणारी होती. आजच्या कॉम्प्रेसरांतील झडपा तिच्याच वंशांतील आहेत. तिला किती राबावें लागतें पाहा. मिनिटास 600 फेरे घेणाऱ्या यंत्रांत एका फेऱ्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो. म्हणजे प्रत्येक झडप सेकंदास दहा वेळां, तासास 36,000 वेळां आणि अहोरात्रींत 8,64,000 वेळां उघडून मिटते. तबकडीचें उचलणें मात्र बहुधा एक ते तीन मिलिमीटर एवढेंच असतें.

असा हा द्वारपाल प्रामाणिक खरा, परंतु एककल्ली. आवक झडपेस एवढेंच कळतें कीं बाहेर दाब अधिक झाला कीं दार उघडावें आणि आंत अधिक झाला कीं लावावें. टांकी भरली आहे, पलीकडे हवेस गिऱ्हाईक नाहीं, ही वार्ता तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. ती प्रत्येक फेऱ्यास पुरी हवा आंत घेणार, आणि दट्ट्या ती पुरी हवा दाबणार. तेव्हां यंत्रास आवरावें कसें?

सर्वांत सोपी रीत म्हणजे यंत्रच थांबविणें. टांकींतील दाब वरच्या मर्यादेस गेला कीं मोटार बंद, खालच्या मर्यादेस आला कीं सुरू. लोकल गाडीच्या खालून मधूनमधून घरघर ऐकूं येते आणि थांबते, ती याच जातीची. लहान यंत्रास ही रीत उत्तम. परंतु मोठी मोटार तासांत पुनःपुनः चालू-बंद केली तर ती तापते आणि बिघडते. दुसरी रीत म्हणजे आवक वाट चिंचोळी करून हवा कमी घेणें. परंतु मग तीच हवा अधिक पटीनें दाबावी लागून यंत्र अधिक तापतें. तिसरी रीत म्हणजे दाबलेली जास्त हवा पुन्हां आवक बाजूस सोडून देणें. ही दिसावयास निरुपद्रवी, परंतु सर्वांत उधळी आहे. समजा, एका कॉम्प्रेसरास पूर्ण भारावर 100 किलोवॅट वीज लागते आणि कारखान्यास त्याच्या हवेपैकीं 70 टक्केच हवी आहे. उरलेली 30 टक्के हवा दाबून परत सोडली तर 30 किलोवॅट वीज व्यर्थ गेली; चोवीस तासांत तिचे 720 युनिट होतात. इतके युनिट साध्या राहणीच्या घरास कित्येक महिने पुरतील. विजेचें हें देणें शेवटीं मालाच्या किंमतींत येतें, आणि ज्या लहान कारखान्याचा नफा बेताचा, त्याच्या कामगारांच्या पगाराशींही त्याचा संबंध पोंचतो.

म्हणून इंजिनियरांचें लक्ष द्वारपालाकडेच वळलें. हवा दाबून परत सोडण्यापेक्षां ती न दाबतांच परत जाऊं दिली तर? आवक झडपेच्या वर एक पोलादी पंजा बसवितात. दाबलेल्या हवेनें अथवा तेलानें हा पंजा खालीं ढकलला कीं त्याचीं बोटें तबकडीस उघडी धरून ठेवतात. आतां दट्ट्या हवा आंत घेतो आणि तीच हवा उघड्या दारानें बाहेर लोटतो. दाब चढतच नाहीं, आणि मोटारीवर घर्षणाचा व थोड्या ओढाताणीचाच भार राहतो. पंजा उचलला कीं झडप पूर्ववत् आपलें काम करूं लागते. दट्ट्याच्या दोन्ही अंगांस हवा दाबणारें दुतोंडी नळकांडें असेल तर एका तोंडाची झडप उघडी धरल्यानें हवा निम्मी होते. अशीं दोन नळकांडीं जोडीनें काम करीत असलीं तर पाव, अर्धी, पाऊण आणि पुरी अशा पायऱ्या मिळतात. रीत साधी, टिकाऊ आणि स्वस्त आहे. उणीव एवढीच कीं गरज पायऱ्यांनीं बदलत नसते. सत्तर टक्के हवी असतां पाऊण द्यावी लागते, आणि वरचे पांच टक्के पुन्हां उधळावे लागतात, किंवा यंत्रास पाऊण आणि अर्धी यांमध्यें हेलपाटे घालावे लागतात.

यावर तोड अशी कीं पंजानें झडप सबंध धांवभर न धरतां धांवेच्या कांहीं भागापुरतीच धरावी. दट्ट्या परत फिरल्यावर प्रथम थोडी हवा उघड्या दारानें बाहेर जाऊं द्यावी. नेमकी हवी तेवढी आंत उरली कीं पंजा सोडावा, झडप मिटावी, आणि उरलेलीच हवा दाबली जावी. न दाबलेल्या हवेस वीज फारशी पडत नाहीं. पूर्वींच्या यंत्रांत यासाठीं एक सुबक युक्ति करीत. पंजावरील जोर असा बेताचा ठेवीत कीं परतणारा झोत पुरेसा प्रबळ झाला म्हणजे त्यानेंच पंजास हटवून तबकडी मिटवावी. परंतु दट्ट्याची गति धांवेच्या मध्याजवळ सर्वांत अधिक असते, म्हणून झोतही तेथेंच सर्वांत प्रबळ. त्यापलीकडे तो ओसरतो. मध्यापर्यंत जी झडप मिटली नाहीं ती पुढें मिटतच नाहीं. त्यामुळें सुमारें निम्म्याहून कमी हवा या युक्तीनें मागतां येत नसे.

ही मर्यादा ओलांडावयाची तर पंजा सोडण्याचा क्षण झोताच्या हातीं न ठेवतां आपल्या हातीं घ्यावयास हवा. येथें गणित मदतीस येतें. वरील उदाहरणांतील 70 टक्के हवा हवी असेल तर दट्ट्यानें परतीची 30 टक्के धांव चालेपर्यंत झडप उघडी ठेवावी. (दट्ट्याच्या टोंकाशीं उरणारी हवा आणि जोडदांड्याची लांबी यांचा परिणाम येथें सोपेपणासाठीं सोडून दिला आहे.) क्रँकचा अर्धा फेरा, म्हणजे 180 अंश, ही एक धांव. मग 180 च्या 30 टक्के म्हणजे 54 अंशांवर पंजा सोडावा, असें प्रथम वाटेल. परंतु तें चूक होय. दट्ट्या टोंकाशीं सावकाश आणि मध्यें जलद चालतो. क्रँक जितके अंश फिरला त्या कोनाचा कोसाइन 1 मधून वजा करून बाकीची निमपट केली म्हणजे धांवेचा चाललेला भाग मिळतो. तो भाग 0.3 व्हावयाचा तर कोसाइन 0.4 हवा, आणि तो कोन सुमारें 66 अंशांचा. 54 अंशांवर पंजा सोडल्यास केवळ 21 टक्के हवा परत गेली असती आणि टांकींत मागितल्याहून अधिक भरली असती. मॅट्रिकच्या वर्गांत कोसाइनचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या मुलांस हें एक उत्तर आहे.

एवढ्यानेंही भागत नाहीं. 600 फेऱ्यांच्या यंत्रांत 66 अंश फिरावयास सेकंदाचे सुमारें 18 सहस्रांश लागतात. हुकूम सुटल्यापासून पंजा हलून तबकडी बैठकीवर बसेपर्यंत कांहीं वेळ जातोच. तो 5 सहस्रांश धरूं. तेवढ्यांत क्रँक 18 अंश पुढें जातो. तेव्हां झडप 66 अंशांवर मिटावी असें वाटत असेल तर हुकूम 48 अंशांवरच सुटला पाहिजे. आणि यंत्राची गति निम्मी, म्हणजे 300 फेरे केली, तर तेच 5 सहस्रांश 9 अंशांएवढेच होतात आणि हुकूम 57 अंशांवर द्यावा लागतो. तात्पर्य, नियंत्रकास तीन गोष्टी सतत ठाऊक हव्यात: क्रँक या क्षणीं कोठें आहे, तो किती वेगानें फिरत आहे, आणि झडपेस हुकूम पाळण्यास किती वेळ लागतो. पहिल्या दोन गोष्टी क्रँकजवळ बसविलेल्या सेन्सरवरून कळतात; तिसरी मोजून ठेवावी लागते, आणि तेल थंड असतां ती बदलते हेंही विसरून चालत नाहीं. मनुष्याच्या हातून हें होणें अशक्य. सूक्ष्म संगणक आणि शीघ्र उघडणारे विजेचे तेल-व्हॉल्व हाताशीं आल्यावरच ही रीत पूर्णत्वास पोंचली. हॉर्बिगरच्या नांवानें चालणाऱ्या कंपनीनेंच 1990 च्या दशकांत अशी योजना बाजारांत आणिली, आणि तेलशुद्धीच्या कारखान्यांतील प्रचंड कॉम्प्रेसरांवर ती वापरली जाऊं लागली.

येथवर आपण केवळ मिटण्याचा क्षण ताब्यांत घेतला. उघडण्याचें काम तबकडी स्वतःच करीत होती. याच्याही पुढची पायरी म्हणजे झडप पूर्णपणें हुकमाची करणें. तिला विजेची मोटार किंवा विद्युच्चुंबक उघडतो आणि तोच मिटवितो. इटलींतील फ्लॉरेन्स येथील नुओव्हो पिन्योने या जुन्या कारखान्यानें अशा झडपांचीं पेटंटें घेतलीं आहेत. हुकमाच्या झडपेस दाबाच्या फरकाची वाट पाहावी लागत नाहीं, म्हणून स्प्रिंगचा अडथळा कमी करतां येतो आणि हवेस वाट मोकळी मिळते. परंतु स्वातंत्र्याबरोबर जबाबदारीही येते. झडपेचें तोंड 20 चौरस सेंटिमीटर आणि दोन बाजूंच्या दाबांत 5 बारचा फरक असेल तर तिच्यावर सुमारें 100 किलोग्रॅम वजनाचा भार असतो. तो झुगारून सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत दार उघडावयाचें म्हणजे फार मोठी शक्ति हवी. तेंच दोन्ही बाजूंचे दाब सारखे होतील त्या क्षणीं उघडलें तर हलका धक्का पुरतो. जावक झडप त्यापूर्वीं उघडली तर टांकींतील हवा उलटी नळकांड्यांत घुसते. त्यानंतर उघडली तर आंतील दाब विनाकारण चढतो, वीज वायां जाते, आणि उशीर फार झाला तर यंत्रास धोका संभवतो. आवक झडपेस उशीर झाला तर दट्ट्या पोकळीच ओढीत राहतो आणि हवा कमी भरते.

मग दाब सारखे होण्याचा क्षण ओळखावा कसा? एक रीत मोजण्याची: नळकांड्यांत आणि दोन्ही नळांत दाबाचे सेन्सर बसवून त्यांची तुलना करीत राहावें. दुसरी रीत हिशेबाची: दट्ट्या कोठें आहे यावरून हवेचें आकारमान कळतें, आणि आकारमानावरून दाब काढतां येतो. तुम्ही विज्ञानांत शिकतां तो बॉइलचा नियम उष्णता स्थिर असतां लागू पडतो. येथें हवा तापत असल्यामुळें त्यांत दुरुस्ती करून तो वापरतात. शहाणे रचनाकार दोन्ही रीती जोडतात: आगाऊ हुकूम हिशेबानें द्यावयाचा, आणि प्रत्यक्ष काय घडलें तें मोजून पुढच्या फेऱ्याचा हिशेब सुधारावयाचा. एका फेऱ्यांत उशीर झाला तर दुसऱ्यांत हुकूम थोडा आधीं सुटतो.

आणखी एक सावधगिरी आहे. दार लावतांना तें सोडून दिलें तर धाडकन् आदळतें. समंजस मनुष्य शेवटीं हातानें सावरून लावतो. दिवसास लक्षावधि वेळां बैठकीवर आदळणारी तबकडी अखेर तडकते. म्हणून हुकमाच्या झडपेस प्रथम जोरानें हलवून बैठकीजवळ येतांच तिची गति आवरण्याची योजना करितात. झडपेचें आयुष्य पुष्कळ अंशीं या शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरावर अवलंबून असतें.

आतां मुख्य प्रश्न: सत्तर टक्के हवी कीं साठ, हें ठरवितो कोण? येथें नियंत्रणाचे दोन थर असतात. वरचा थर टांकींतील दाब पाहून “अमुक टक्के हवा द्या” असें सांगतो. खालचा थर त्या टक्क्यांचे अंश आणि सहस्रांश करून प्रत्येक फेऱ्यास झडपेस हुकूम सोडतो. वरच्या थराचें काम स्नानासाठीं ऊन पाणी विसावण्यासारखें आहे. बादलींतील पाणी फार ऊन लागलें म्हणून गार पाण्याचा नळ एकदम पुरा सोडला, तर हात घालून पाहीपर्यंत पाणी गारढोण होतें. मग पुन्हां ऊन, पुन्हां गार. जाणतें माणूस फरक किती आहे, तो किती वेळ टिकून आहे, आणि तो वाढतो आहे कीं ओसरतो आहे, हें तिन्ही पाहून नळ फिरवितें. नियंत्रकही याच तीन गोष्टींस आपापलें वजन देऊन त्यांची बेरीज करितो आणि तीवरून हवेचें प्रमाण ठरवितो. वजनें चुकलीं तर टांकींतील दाब झोके घेऊं लागतो आणि झडपा उगाच थकतात.

हुकमाचा द्वारपाल ऐकेनासा झाला तर काय, याचाही विचार आधींच करून ठेवावा लागतो. पंजाच्या कित्येक रचनांत तेलाचा दाब गेला कीं पंजा आपोआप मागें सरतो आणि तबकडी स्वयंचलित झडपेप्रमाणें काम करूं लागते. यंत्र मग पुरी हवा देतें, विजेचा खर्च वाढतो, परंतु काम बंद पडत नाहीं. टांकीवरील सुरक्षा-झडप मात्र कोणाच्याही हुकमाखालीं नसते आणि नसावी. दाब मर्यादेबाहेर गेला तर तिनें कोणासही न विचारतां उघडावें, यासाठींच तिची नेमणूक असते. अनुभवी कामगार झडपांच्या झांकणांचें उष्णतामान नोंदवून ठेवितात. आवक झडप गळूं लागली म्हणजे दाबलेली ऊन हवा तिच्यांतून उलटी येते आणि तिचें झांकण शेजारणीपेक्षां अधिक तापतें. संगणक आले तरी ही नोंदवही निकामी झालेली नाहीं.

पालकांसाठीं दोन शब्द. सर्वच कारखान्यांस अशा महाग झडपा परवडतील असें नाहीं, आणि सर्वांस त्यांची गरजही नसते. जेथें यंत्र मोठें, अहोरात्र चालणारें, आणि गरज पुनःपुनः बदलणारी, तेथें त्यांची किंमत विजेच्या बचतींतून भरून निघते. लहान कारखानदारानें प्रथम नळांच्या गळत्या बंद कराव्यात आणि टांकींतील दाब लागेल तेवढाच ठेवावा; नेहमींच्या सात-आठ बारच्या यंत्रांत एक बार दाब उगाच वाढविला तरी विजेचा खर्च सुमारें सहासात टक्क्यांनीं वाढतो. त्यानंतर झडपांचा विचार करावा. ज्यांचीं मुलें आय. टी. आय. किंवा तंत्रनिकेतनाकडे जाणार आहेत त्यांनीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं या धंद्यास आतां पान्याबरोबर गणितही लागतें. झडप उघडून तबकडी बदलणारा हात आणि हुकमाचे अंश मोजणारें डोकें एकाच कामगाराजवळ असेल, तर या पट्ट्यांतील कारखान्यांस तो हवाच आहे.

शेवटीं वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं एक उदाहरण देऊन हा लेख पुरा करितों. यंत्र मिनिटास 450 फेरे घेतें, झडपेस हुकूम पाळण्यास 5 सहस्रांश सेकंद लागतात, आणि टांकीस निम्मीच हवा हवी आहे. हुकूम परतीच्या धांवेंत किती अंशांवर सुटला पाहिजे? उत्तर साडेशहात्तर अंश यावयास हवें. ज्यांच्या घरीं कोणी कॉम्प्रेसरवर काम करितात त्यांनीं रीत कागदावर मांडून ती रात्रीं त्यांस दाखवावी, आणि त्यांच्या यंत्राची झडप कोणत्या जातीची आहे तें विचारून घ्यावें.